आधी दूध, मग तांदूळ

मोटारीच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी केव्हा पाडावयाची आणि इंधन किती सोडावयाचे, हे आता एक छोटा संगणक ठरवितो. त्याला किती अवधी मिळतो, हे पाहण्यासारखे आहे.

चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत संथ चालत असेल, तर दोन ठिणग्यांमध्ये ४० सहस्रांश सेकंदांचे अंतर असते. फेरे ६००० झाले की ते अवघे ५ सहस्रांशांवर येते. तेवढ्यात हिशेब पुरा व्हावयास हवा. उत्तर बरोबर असूनही उशिरा आले, तर ते निरुपयोगीच. ठिणगी चुकली की न जळलेले इंधन धुराच्या नळीत जाते, आणि तेथील धूर शुद्ध करणारा भाग तापून निकामी होऊ शकतो.

याच संगणकाला पाण्याचे तापमान पाहणे, बिघाडांची नोंद ठेवणे अशी इतर कामेही असतात. मग आधी कोणते करावे? तांदूळ निवडीत बसलेली गृहिणी दूध वर येताच सूप बाजूला ठेवून उठते आणि दूध उतरवून पुन्हा तांदूळ हाती घेते. तांदळाचे मोल कमी म्हणून नव्हे, तर ते थांबू शकतात म्हणून. संगणकही हातचे काम असेच अर्धवट ठेवतो आणि नंतर तेथूनच पुढे चालवितो.

या व्यवहारालाही गणित आहे. सी. एल. लिउ आणि जेम्स लेलँड यांनी १९७३ साली असे सिद्ध केले की, नियमित अंतराने येणाऱ्या स्वतंत्र कामांचा क्रम कायमचा लावावयाचा असेल, तर अधिक वारंवार येणाऱ्या कामाला वरचा मान द्यावा. असे केल्यास, संगणकाचा सुमारे ६९ टक्क्यांपर्यंत वेळ कामांत गुंतला असला, तरी प्रत्येक काम त्याची पुढची पाळी येण्यापूर्वी पुरे होतेच.

इंजिनाची अडचण मात्र याहून वेगळी आहे. ठिणगीचे काम घड्याळाच्या नव्हे, तर इंजिनाच्या दांड्याच्या फेऱ्यांप्रमाणे येते. वेग आठपट झाला की ते कामही आठपट वेळा करावे लागते. संगणकाची शक्ती तेवढीच राहते. म्हणून अभियंते अशी योजना करू शकतात की, ठराविक वेगापुढे सविस्तर हिशेबाऐवजी संक्षिप्त हिशेब व्हावा. घाईच्या वेळी काय गाळावयाचे, हे त्यांनी निवांतपणी ठरवून ठेवलेले असते. घरच्या कामांतही हा विवेक उपयोगी पडण्यासारखा आहे.