जुन्या मोटारीस नवें इंजिन

इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेली ‘एम्. जी. बी.’ ही छोटी, वेगवान मोटार शौकिनांस अद्यापि प्रिय आहे. तिचें मूळचें इंजिन १.८ लिटरचें व गिअर चार. आजच्या रस्त्यांवर हें अपुरें वाटून कित्येक मालक तिच्यांत नवें इंजिन व पांच गिअरांची पेटी बसवितात. जुन्या गाड्यांचे अभिमानी यास विटंबना म्हणतात.

आम्हांस हा आक्षेप सरसकट मान्य नाहीं. खुद्द कारखान्यानेंच १९७३ सालीं या मोटारीच्या बंद छपराच्या नमुन्यांत रोव्हरचें आठ सिलिंडरांचें, ३.५ लिटरचें इंजिन घातलें होतें. तें ॲल्युमिनियमचें, म्हणून जुन्या लोखंडी इंजिनाहून फारसें जड नव्हतें. गाडीचा तोल राहिला. त्याबरोबर पुढच्या ब्रेकांच्या तबकड्याही जाड केल्या. बोध हाच कीं, शक्ति वाढविणारानें ती आवरण्याची तजवीज आधीं करावी. जोरदार नवें इंजिन आणि ब्रेक मात्र जुनेच, हा संयोग चालकास व वाटसरूंस सारखाच घातक होय.

दुसरें असें कीं, एकदां कापलेला पत्रा पूर्ववत् होत नाहीं. म्हणून सांगाडा न कापतां बसेल असेंच इंजिन निवडावें, जुनें जपून ठेवावें, आणि गाडी विकतांना झालेला बदल उघड सांगावा.

विद्यार्थिमित्रहो, सुधारणा अवश्य करा. परंतु मागून येणारास मूळ वस्तु पुन्हां उभी करतां येईल, इतकी वाट मोकळी ठेवा. ज्यानें ती वाट बुजविली, त्यानें सुधारणा केली नाहीं. केवळ आपली हौस भागविली.