कोणता विषय ‘चालतो’?

वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ साली, महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले. मागणी मोठी होती, सरकारी जागा तुटपुंज्या. त्यामुळे तो निर्णय निव्वळ चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. तालुक्याच्या गावांतून इंजिनिअर घडले ते त्यातूनही.

पण तेव्हाचा अपवाद आता रीत झाला आहे. अनुदानित महाविद्यालयातही नवा अभ्यासक्रम बहुधा ‘स्वयंअर्थसहाय्यित’ म्हणूनच सुरू होतो. केंद्राची २०१७ सालची ‘हेफा’ योजना इमारती-प्रयोगशाळांसाठी अनुदान नव्हे, कर्ज देते. अनेक संस्थांना मुद्दलाचा वाटा स्वतःच्या उत्पन्नातून फेडावा लागतो. उत्पन्न म्हणजे मुख्यतः फी. मग कोणता विषय ‘चालतो’ हे प्रवेशाची रांग ठरवते. पाली किंवा तत्त्वज्ञानाने त्या रांगेत कुठे उभे राहायचे?

फीच्या आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. म्हणून या अंकात आम्ही स्टाफरूममध्ये अधिक रेंगाळलो आहोत. नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तास झाला तरच पैसे. उन्हाळ्याच्या सुटीत काहीच नाही. त्याने संशोधन करावे, ही अपेक्षा आम्हाला निर्लज्ज वाटते. (बाजाराची बाजू मांडणारा लेखही घेतला आहे. चिडाल, पण वाचा.)

तुमच्या महाविद्यालयातला एखादा विभाग अलीकडे बंद पडला असेल, तर तो कुणी आणि कोणते कारण देऊन बंद केला, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. निवडक पत्रे पुढील अंकात छापू.