हिरड्याच्या खरेदीदारांना पाडव्यापर्यंतची मुदत

जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातला बाळहिरडा यंदा कुठल्या काट्यावर तोलायचा आणि कोणत्या भावाने द्यायचा, हे ग्रामसभा ठरवतील. गावोगावचे व्यापारी, त्यांचे दलाल, त्यांच्यामागे उभे असलेले गोदामवाले आणि औषध कंपन्या, सर्वांना हा जाहीर इशारा आहे. मुदत गुढीपाडव्यापर्यंत. नंतर कोणी ‘आम्हाला कळलेच नाही’ म्हणू नये.

आजवरचा व्यवहार सगळ्यांना ठाऊक आहे. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते, तेव्हा दुकानदार उचल देतो. वहीत आकडा चढतो. उन्हाळ्यात हिरडा त्याच्याच ओट्यावर नेऊन टाकायचा. भाव तोच सांगणार, काटा त्याचाच, माल ओला आहे म्हणून घट धरणार तोही तोच. मागची बाकी वळती करून उरेल ते हातावर. बाळहिरडा म्हणजे आठी धरण्याआधीचे कोवळे फळ. ते नेमक्या दिवसांत काढावे लागते, उंच फांदीवर चढावे लागते, मग अंगणात पसरून कडक वाळेपर्यंत राखावे लागते. वळवाची सर आली की बाया मध्यरात्री उठून माल झाकतात. फांदीवरून पडून कंबर मोडलेल्या माणसाचा खर्च कोणाच्या वहीत आहे? ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात झाडेच मोडली, तेव्हा वर्षानुवर्षे हिरडा नेणाऱ्यांपैकी किती जण विचारपूस करायला वर चढून आले, तेही एकदा सांगावे.

आता हक्काचे. वनहक्क कायदा, २००६, कलम ३(१)(ग): पिढ्यान्‌पिढ्या गोळा होत आलेल्या गौण वनोपजावर मालकी गोळा करणाऱ्यांची. नुसती गोळा करण्याची परवानगी नव्हे, मालकी. विकण्याचा हक्क त्यातच आला. २०१२च्या सुधारित नियमांनी प्रक्रिया, साठवण आणि वाहतूकही त्यात घातली, आणि वाहतूक परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे दिले. ‘हे अभयारण्य आहे’ ही सबब पुढे करणाऱ्यांनी कायद्यातली वनजमिनीची व्याख्या वाचावी. तिच्यात अभयारण्येही आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती यायला २०११ उजाडले, तेही केंद्रीय मंत्री गावात आल्यावर. आम्ही मंत्र्यांची वाट पाहणार नाही.

कंपन्यांचे म्हणणे आम्हाला माहीत आहे. जैवविविधता कायदा, २००२ने नफ्यात वाटा द्या म्हटले. २०१४च्या नियमावलीत तो उत्पादकाच्या वार्षिक विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के होता, म्हणजे १०० रुपयांच्या मालामागे जास्तीत जास्त आठ आणे. तेवढ्यासाठीही दिव्य फार्मसी न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयात हरली. मग २०२३ची दुरुस्ती आली: ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला सूट. त्रिफळा ग्रंथात आहे, मग वाटा कशाचा, असे आता ऐकवले जाते. ठीक आहे. ज्ञान ग्रंथाचे असेल. झाडावरचा हिरडा ग्रंथातून पडत नाही. तुमची सूट वाट्यापुरती आहे, मालकाला विचारल्याशिवाय माल उचलण्यापुरती नाही.

म्हणून पाडव्याच्या आत प्रत्येक खरेदीदाराने ग्रामसभेकडे नाव नोंदवावे आणि भाव भरसभेत बोलावा. तोलाई गावाच्या शिक्कामोर्तब काट्यावर होईल. उचलीच्या जुन्या वह्या सभेपुढे आणाव्यात. ज्या येणार नाहीत त्यांतल्या बाकीपोटी एक शेरही हिरडा वळता होणार नाही. कंपनीला थेट माल हवा असेल तर लेखी करार करावा. त्यात भावाखेरीज गावाच्या निधीचा हिस्सा आणि पैसे देण्याची तारीख असावी.

नुसत्या कराराने भागत नाही हेही आम्ही जाणतो. केरळातल्या काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध बनले, १९९५ मध्ये परवाना विकला गेला, मोबदल्याचा निम्मा हिस्सा काणींच्या न्यासाला ठरला. जगभर कौतुक झाले. पण जंगलातून ती वनस्पती काढायला वनखात्याची आडकाठी राहिली आणि पुरवठाच अडखळला. म्हणून आधी जंगलावरचा ताबा, मग सही.

जो अधिकारी ग्रामसभेच्या परवान्याची गाडी अडवील, त्याच्याविरुद्ध ठराव होईल आणि कलम ८प्रमाणे राज्यस्तरीय संनियंत्रण समितीला ६० दिवसांची नोटीस जाईल. दंड हजार रुपयांपर्यंतच आहे, म्हणजे चेष्टाच. पण प्रकरण न्यायालयापर्यंत जाते.

आणि घरच्यांनाही ताकीद. घाईने फांद्या तोडून हिरडा काढणाऱ्याला त्या हंगामात गावाच्या काट्यावर जागा नाही, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना. प्रत्येक राईत ग्रामसभा खुणावील ती झाडे सुरवारी हिरड्यासाठी, म्हणजे पूर्ण पिकू देण्यासाठी, सोडायची. सगळाच हिरडा कोवळा खुडला तर बी कुठून पडणार? नरक्याचे काय झाले ते आठवा. कर्करोगावरच्या औषधासाठी बाहेरून मागणी आली आणि सह्याद्रीतली झाडे बुंध्यापासून गेली. तोडणाऱ्याला मिळाली ती फक्त मजुरी.

मुदत वाढणार नाही. बोलणी करायची त्यांनी सभेत, सगळ्यांदेखत करावीत. रात्री-अपरात्री घरी येऊन एकट्यादुकट्याला आगाऊ पैसे चारणाऱ्याचे नाव पुढच्याच सभेत फळ्यावर लागेल, आणि त्या खरेदीदाराला यंदा एकही गाव माल देणार नाही.