जुनं म्हणजे भंगार?

गेल्या महिन्यात उमरीच्या घरी एक जुना स्टिरिओ आणला. कॅसेट डेक, अॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर, सगळं मिळून साडेतीन हजार. तेव्हापासून जो येतो तो तोंड वाकडं करतो. एका मावसभावाने तर दारातच विचारलं, "काय करूलालास बे? भंगारवाला झालास का?" मंडळी, नातेवाईकही हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. म्हणूनच इथे लिहितोय. घरी बोललो की भांडण होतं :)

एक सांगा. मालेगावच्या जत्रेत (आपलं लोहा तालुक्यातलं, नाशिककडचं नव्हे) बैल काय खोक्यातून कोरा काढून देतात? दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो आणि मगच पैसे मोजतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. जुना ट्रॅक्टर आणला तर पेढे वाटतात! मग स्टिरिओ जुना घेतला की लगेच "परिस्थिती बरी नाही वाटतं"?

"नवा ब्लूटूथ घे की," म्हणतात. घेतला असता हो. पण त्यात कॅसेट कुठून घालू?

१९८८ साली बाबांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. साठ मिनिटांची कॅसेट, एक बाजू भरलेली, दुसरी अर्धी कोरी. आजी १९९१ मध्ये गेली. तिचा दुसरा आवाज जगात कुठेही नाही. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. बाकीचा हिशोब तुम्हीच करा.

आणि नव्या वस्तूचा एवढा अभिमान कशाला? नव्वदच्या दशकात अन् नंतरही आपण खोक्यावरचा पीएमपीओचा आकडा बघून म्युझिक सिस्टिम घेतल्या ना? हजार वॅट, दोन हजार वॅट! त्याच डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, वीज लागते पंचवीस-तीस वॅट. पायलीभर ज्वारीतून पोतंभर पीठ निघतं का कुठे? पीएमपीओ मोजायची सगळ्यांना बांधील अशी काही पद्धतच नव्हती, ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने छापावा. अमेरिकेत १९७४ सालीच सरकारने नियम केला होता की अॅम्प्लिफायर सलग किती वॅट देतो तेच जाहिरातीत सांगा. आपण मात्र आकड्यांवर भाळलो. खरा आकडा आरएमएसचा. माझ्या "भंगारा"वर तो वीस लिहिलाय आणि गल्ली दणाणते.

जुन्यात फसवणूक होत नाही असं मी म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी मीच फसलो. एका मोठ्या शहरातल्या दुकानातून नामी कंपनीचा अॅम्प्लिफायर घेतला, घरी येऊन उघडला तर आतलं सगळं काढून ४४४० आयसीचा स्वस्तातला बोर्ड बसवलेला! चूक जुन्याची नव्हती, माझी होती. मी झाकण उघडायला लावलंच नव्हतं. दात न बघता बैल घेतला.

या वेळी नांदेडला एका निवृत्त गृहस्थांच्या घरी तासभर बसलो. झाकण उघडलं. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते का ते ऐकलं, स्पीकरच्या कडेचा फोम बोटाने दाबून पाहिला (सुकला असला की भुगा होतो). काकूंनी दोनदा चहा दिला. सामान रेल्वेने मुदखेडमार्गे आणलं, स्पीकर मांडीवर.

एक गोष्ट मात्र सुटली. घरी कॅसेट लावली तर आजीचा आवाज जाड, पुरुषासारखा, जातं पण दमल्यासारखं. बाबा उठले. "ही माय नव्हं," म्हणाले आणि आत निघून गेले. त्या रात्री मला झोप आली नाही.

डेकमधला रबरी बेल्ट सैल पडला होता. तो घसरला की कॅसेट हळू फिरते आणि आवाज जाड होतो, एवढंच. नवा बेल्ट किती रुपयांचा, माहितेय? साठ. तो बसवला, हेड स्पिरिटने पुसलं आणि बाबांना न सांगता कॅसेट लावली.

ते आतल्या खोलीतून आले आणि स्पीकरसमोर जमिनीवरच बसले. मधे ओवी थांबते तिथे फक्त जात्याची घरघर आहे. तिथे म्हणाले, "दाणं टाकूलालीय."

असो. बेल्ट दोन जास्तीचे आणून ठेवलेत. मावशी, तुमच्याकडे काकांच्या भजनाच्या कॅसेट माळ्यावर आहेत ना? त्या फेकू नका. दिवाळीत घेऊन या, आणि भंगार म्हणणाऱ्या चिरंजीवांनाच पिशवी उचलायला लावा.