दूरची वही आणि घरचें कुलूप

मुलगी शिक्षणासाठीं परगांवीं वसतिगृहांत, आणि जोरकस संगणक मात्र घरीं माडीवर, अशी स्थिति आतां पुष्कळ कुटुंबांत दिसते. सुटींत मांडलेलें काम तिकडे बसून पुढें चालवितां येईल काय, आणि त्यांत घरास कांहीं धोका तर नाहीं ना, असें वाचक आम्हांस विचारतात. पहिल्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी आहे. दुसऱ्याचें उत्तर तें काम कोणत्या रीतीनें करावें यावर अवलंबून आहे.

ज्या वहीविषयीं हा प्रश्न आहे तिचें नांव 'ज्युपिटर नोटबुक'. फर्नांडो पेरेझ यांनीं २००१ सालीं आरंभिलेल्या 'आय-पायथन' या उपक्रमांतून २०१४ सालीं ही संस्था निराळी झाली. ज्युलिया, पायथन व आर या तीन संगणकभाषांचीं नांवें तिच्या नांवांत गोंविलेलीं असून, गॅलिलिओनें १६१० सालीं गुरूच्या उपग्रहांचीं जीं टिपणें केलीं त्यांचेंही स्मरण त्यांत आहे. या वहींत लिहिलेलें गणित तेथल्या तेथें चालतें व उत्तर खालींच उमटतें.

वहीचें पान ब्राउझरमध्यें दिसतें, परंतु गणित करणारा सर्व्हर निराळा असतो. तो मुळांत फक्त आपल्याच यंत्रावरील हांकेस ओ देतो, १२७.०.०.१ हा त्याचा पत्ता व ८८८८ हें त्याचें दार. बाहेरच्यास तो दाद देत नाहीं. पुष्कळांस हा दोष वाटतो. वस्तुतः तें घराचें कुलूप होय.

कुलूप काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे पत्ता ०.०.०.० असा लिहिणें. मग सर्व्हर ज्याची त्याची हांक ऐकूं लागतो. आम्हींही प्रथम हेंच केलें, आणि लांबलचक टोकन लिहिण्याचा कंटाळा म्हणून तेंही बंद ठेविलें. दुसऱ्या दिवशीं ध्यानांत आलें कीं, त्याच यंत्रावर घरचा जमाखर्च आणि वडिलांचीं जुनीं छायाचित्रें आहेत. वहींत आज्ञा लिहूं शकणारा मनुष्य यंत्राच्या धन्याइतकाच समर्थ असतो. एका ओळींत तो सर्व वाचूं शकतो, एका ओळींत पुसूंही शकतो. नुकसान झालें नाहीं, हें आमचें शहाणपण नव्हे. डिसेंबर २०१६ मधील ४.३ या आवृत्तीपासून टोकन मागण्याची व्यवस्था मुळांतच घातली गेली, ती उगीच नव्हे.

योग्य मार्ग 'एसएसएच'चा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्डांची चोरी झाल्यानंतर तातू इलोनेन यांनीं १९९५ सालीं हें साधन निर्माण केलें. त्यायोगें दोन यंत्रांमध्यें गुप्त लिपीचा जणूं बोगदा तयार होतो. प्रथम मुलीच्या यंत्रावर किल्ल्यांची जोडी करावी. खाजगी किल्ली तेथेंच ठेवून सार्वजनिक किल्ली तेवढी घरच्या यंत्रास द्यावी, आणि मग नुसत्या पासवर्डानें आंत येण्याची वाट बंद करावी. घरीं वही 'नो-ब्राउझर' या पर्यायानें सुरू करावी. मुलीनें एसएसएचच्या आज्ञेंत मोठ्या 'एल' अक्षरापुढें '८८८८:लोकलहोस्ट:८८८८' असें लिहून घरच्या यंत्राचा पत्ता द्यावा, व आपल्याच ब्राउझरमध्यें लोकलहोस्टचें ८८८८ हें दार उघडून टोकन घालावें. तिच्या यंत्रावर तें दार गुंतलेलें असल्यास पहिला आंकडा बदलावा, दुसरा बदलूं नये. सर्व्हर मात्र पूर्ववत् घरच्याच हांकेस ओ देत राहतो.

एक अडचण राहते. घरचें यंत्र रूटरच्या आड असतें. म्हणून रूटरवर एसएसएचपुरती वाट करून द्यावी लागते. कित्येक ठिकाणीं एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. तेथें ही युक्ति चालत नाहीं, आणि 'टेलस्केल'सारखें खाजगी जाळें जोडणें सोयीचें पडतें.

एवढी सारी व्यवस्था एका दुपारीं होते. घरापासून दूर राहणाऱ्या मुलीस आपण दाराची किल्ली देतों, तिच्यासाठीं दार सताड उघडें टाकून झोंपत नाहीं. येथेंही न्याय तोच.