प्रमाणपत्र नको, खेळ दाखवा!

संगणकाच्या शिकवणीला हजारो रुपये मोजून आमची मुले प्रमाणपत्र घरी आणतात. मुलाखतीत मात्र प्रश्न येतो : तुम्ही स्वतः काय बनवले? तिथे प्रमाणपत्र मुके होते. या मुलांना आमचे सांगणे आहे, फुली-गोळ्याचा खेळ ब्राउझरमध्ये स्वतः बनवा.

खेळात वेळ कशाला दवडायचा, असे कोणी म्हणेल. पण या नऊ घरांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पट म्हणजे नऊ घरांची यादी. खेळाडूने घर निवडले की एका फंक्शनला जुना पट आणि ती चाल द्यायची. त्याने नवा पट परत करायचा. जुन्या पटाला हात लावायचा नाही. जिंकण्याच्या रेषा आठच : तीन आडव्या, तीन उभ्या, दोन तिरप्या. त्या तपासणारे दुसरे फंक्शन, पट पडद्यावर मांडणारे तिसरे. प्रत्येकाचे काम वेगळे, म्हणून चूक नेमकी कुठे झाली ते सापडते. जुने पट जपून ठेवले, तर चाल मागे घेण्याची सोय जवळजवळ फुकटच मिळते.

यालाच फंक्शनल पद्धत म्हणतात. तिचे मूळ अलोंझो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये आहे. इव्हान चॅप्लिकी यांनी २०१२ साली एल्म ही भाषा याच विचाराने ब्राउझरसाठी घडवली. २०१५ साली आलेल्या रिडक्सवर तिचा प्रभाव पडला. म्हणजे फुली-गोळ्यात जे शिकाल, तेच मोठ्या कामात उपयोगी पडते.

भांडवल किती? जुना संगणक, ब्राउझर आणि साधे नोटपॅड. जावास्क्रिप्ट १९९५ पासून ब्राउझरमध्ये आहे. आपली फाइल उघडायला इंटरनेटही लागत नाही. वसतिगृहातल्या एका संगणकावर चौघे आळीपाळीने हे करू शकतात.

आता यंत्रच कोड लिहून देते, मग शिकायचे कशाला, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो घातक आहे. लिहून आलेले बरोबर की चूक, हे ज्याला कळत नाही, तो कायम दुसऱ्याच्या भरवशावर राहतो. पाठांतराची विद्या परीक्षेपुरती टिकते. हाताने घडवलेली आपली होते. समाजातील अभियंत्यांनी आठवड्याची एक संध्याकाळ या मुलांना द्यावी. आणि मुलांनी वाट न पाहता येत्या रविवारीच नऊ घरांची ती पहिली यादी लिहावी.