गाडीचं वय विचारू नका, ब्रेक बघा

सकाळी सहाला पुण्याहून निघालं की दुपारच्या जेवणाला देवळ्यात. गेलं वर्षभर महिन्यातले दोन शनिवार-रविवार माझे असेच जातात. ऑफिसातल्या मित्रांना वाटतं, मी शेती बघायला जातो. खरं सांगायचं तर मी आजोबांच्या जीपखाली झोपायला जातो.

अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये जुनी मस्टँग नाहीतर कॅमॅरो उघडून बसतात, ते व्हिडिओ आपण सगळेच रात्री दोन वाजेपर्यंत बघतो. देवळ्यात मस्टँग कुठून येणार? पण अमेरिकन रक्ताची गाडी आमच्याकडेही आहे. महिंद्रानं स्वातंत्र्यानंतर लगेचच विलीज जीप इथे जोडायला घेतली आणि नंतर ती इथेच बनवली. आमची सीजे-थ्रीबी, 1978ची, पेट्रोल. या मॉडेलचं बॉनेट एवढं उंच का, माहितीये? विलीजनं 1953 साली तिच्यात हरिकेन इंजिन घातलं, ते आधीच्यापेक्षा उंच होतं, मावेना, म्हणून बॉनेट वर उचललं. बस्स. स्टायलिंग वगैरे काही नाही. अमेरिकेत ही गाडी 1968ला बंद झाली, आपल्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षं बनत राहिली.

आजोबा गेल्यापासून ती वाड्यामागे निंबाखाली ताडपत्री पांघरून उभी होती. गेल्या वर्षी काकांनी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली आणि किलोचा भाव सांगितला. मी कुरकुर केली तर म्हणाला, "दादा, पंधरा वर्षं झाली की गाडी बाद. आता कायदाच आहे." काकांनी मान डोलावली.

माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे.

कारण कायदा तसा नाहीच! 2021 साली स्क्रॅपिंगचं धोरण आलं. त्यातसुद्धा महाराष्ट्रातली खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर तपासणीत पास झाली तर पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. म्हणजे तत्त्व बरोबर आहे. गाडीची तब्येत बघा आणि ठरवा. मग गडबड कुठे आहे? फीमध्ये. 15 वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी 2022च्या एप्रिलमध्ये 600 रुपयांवरून 5 हजार झाली. 2025च्या ऑगस्टमध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती 10 हजार केली. तपासणीत पास व्हा नाहीतर नापास व्हा, वयाचा दंड आधी भरा. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर 2010पासून आहेच. गाडी धूर किती सोडते हे त्यात कोणी विचारत नाही, जन्मसाल तेवढं विचारतात.

आता कोणी म्हणेल, जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेजचा नियम आहे की. आहे, 2021मध्येच आला. गाडी 50 वर्षांच्या वरची पाहिजे, मूळ रूपात पाहिजे. नोंदणी 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षं. आणि त्यानंतर ती रस्त्यावर कधी काढायची? प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती. संपलं. भावडबारीच्या घाटातून सहज एक चक्कर मारली तर नियमभंग. म्हणजे आमची जीप 2028ला पन्नाशी गाठेल तेव्हा सरकार तिचा मान राखणार, पण अट एकच, तिनं गाडी असणं सोडून द्यायचं. आणि तोवर? पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत ती नुसती 'जुनी'.

आता दुसरी बाजू. तीही खरी आहे. या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, दर किलोमीटरला ते नव्या गाडीपेक्षा नक्कीच जास्त घाण करतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅगचं नाव नाही. रोज चाळीस किलोमीटर ऑफिसला अशी गाडी नेणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. हिला घेऊन एक्स्प्रेस-वेवर जायचा मूर्खपणाही करणार नाही. पण महिन्यातून दोनदा मळ्यापर्यंत जाणारी जीप आणि रोज शहरभर धूर ओकत फिरणारी सात वर्षांची टेम्पो यांत जास्त घातक कोण? वयावरून याचं उत्तर मिळत नाही. पीयूसीच्या मशीनवरून आणि ब्रेकच्या चाचणीवरून मिळतं. ती चाचणी हवी तेवढी कडक करा, माझी हरकत नाही. वर्षाला ठरावीक किलोमीटरचं बंधन घाला, तेही चालेल. पण परीक्षा घ्या आणि मग निकाल लावा. जन्मतारीख बघून नापास करू नका.

आणि हे सॉफ्टवेअरवाल्यांना मी समजावून सांगायचं? कोबोल 1959चं आहे, आणि जगात कितीतरी बँकांचे व्यवहार आजही त्यावर चालतात. कोड जुना आहे म्हणून फेकून देऊ या, असं प्रत्येक टीममध्ये कोणीतरी नवशिका म्हणतोच. सिनियर त्याला विचारतो, "टेस्ट फेल होतेय का?" नाही? मग हात लावू नकोस.

जाता जाता एक रट्टा आपल्यालाही. आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुनी जीप असते ते काय करतात? रुंद टायर, दहा दिवे, काळा रंग, लग्नात मिरवणूक. ब्रेक तेच, गळके. मग सरकारनं जुन्या गाडीवर विश्वास का ठेवावा? मीही सुरुवात रंगापासूनच करणार होतो. देवळ्यातल्या मिस्त्रींनी आल्या आल्या चाकं काढायला लावली. तीन व्हील सिलिंडर गळत होते. "रंग काय, नवरीला बी लावत्यात. आधी थांबती का बघा," म्हणाले. टॅपेट सेट करताना फीलर गेज माझ्या हातात दिला. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे दोन ठिकाणी वाकावं लागतं. कॉलेजात वर्कशॉपच्या तासाला लोखंडाचा तुकडा घासत बसलो होतो, त्यानंतर हत्यार हातात धरलं ते थेट इथे.

मिस्त्रींचं वय साठीच्या पुढे आहे. मुलगा मोबाईलच्या दुकानात. किलोच्या भावानं जीपा गेल्या की त्यांच्या हातातलं हेही जाणार, आणि त्याला तर कोणी भावसुद्धा लावणार नाही.

काकांनी दिवाळीपर्यंत मुदत दिलीये. तीन चाकांचे ब्रेक झालेत, चौथ्याचा बोल्ट गंजून बसलाय. पुढच्या शनिवारी तो सोडवायचा, मग तपासणीला न्यायची. दहा हजार भरीन, शिव्या घालत भरीन. पण नापास झालीच तर ब्रेकवर होऊ दे, वयावर नको.